पाच मिनिटांचा काटा आणि इंजिनाचा दम

आसेगावात लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर बोलायचं म्हटल्यावर थोडा संकोच होता. इथे सोयाबीन, तूर, कापूस यांवर बोलणारा माणूस शोभतो. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारलेलं आहे, आणि आजच्या विषयाला तेवढी पात्रता पुरते.

विषय असा आहे. ‘आयएल-टू’, ‘डीसीएस’ यांसारख्या सिम्युलेटरांत दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवताना इंजिन खऱ्यासारखं सांभाळावं लागतं. नवीन मुलं हे कसं शिकतात? माझं म्हणणं आहे की बहुतेक जण चुकीचं शिकतात, आणि त्यातला बराचसा दोष शिकवणाऱ्या खेळाचा आहे.

स्पिटफायर मार्क नऊचं उदाहरण घेऊ. त्यात मर्लिन 66 इंजिन, बारा सिलिंडरचं, सत्तावीस लिटरचं. वैमानिकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं की लढाईत 3000 फेरे आणि अधिक 18 पौंड बूस्ट, पण पाच मिनिटंच. चढताना 2850 फेरे आणि अधिक 12, एक तासापर्यंत. सलग उडायचं तर 2650 आणि अधिक 7. मुलं हे आकडे पाढ्यासारखे पाठ करतात. पाठ करायला हरकत नाही. पण ‘पाच मिनिटं’ म्हणजे काय, हे विचारा. उत्तर येतं, ‘सहाव्या मिनिटाला इंजिन फुटतं.’

हे खोटं आहे. ती मर्यादा इंजिनाचं आयुष्य राखण्यासाठी, दोन दुरुस्त्यांमधलं अंतर टिकवण्यासाठी होती. मागे शत्रू लागला असताना वैमानिकाने सातवं मिनिट घेतलं, तर तो परत येऊन तशी नोंद करायचा आणि मेकॅनिक इंजिन तपासायचा. ‘आयएल-टू ग्रेट बॅटल्स’ने मात्र वर्षानुवर्षं ही मर्यादा घड्याळासारखी वापरली. जोराच्या अवस्थेची मिनिटं मोजायची, ती संपली की इंजिनाला इजा, आणि थोडा वेळ हळू उडवलं की मिनिटं पुन्हा भरायची. जणू इंजिन म्हणजे मोबाईलची बॅटरी! (हशा) याबद्दल खेळणाऱ्यांनी खूप तक्रारी केल्या, आणि त्या रास्त होत्या. तापमान, दाब, इंधनाचा दर्जा ही खरी कारणं बाजूला राहतात आणि मुलगा गजर ऐकायला शिकतो.

याउलट चांगलं काय, तेही सांगतो. नाहीतर टीका म्हणजे नुसती किरकिर होते.

जोर वाढवताना आधी फेरे वाढवायचे, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग फेरे. मुलं हा क्रम मंत्रासारखा म्हणतात. आता ट्रॉली भरलेला ट्रॅक्टर चढावर घ्या. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर तुम्ही रेस दाबताय. इंजिन गदगदतं, धूर सोडतं. लहान पोरगंही सांगेल, ‘गिअर खाली घ्या.’ विमानाच्या पंख्याचा कोन हा एका अर्थाने गिअरच आहे. फेरे कमी आणि बूस्ट जास्त म्हणजे वरच्या गिअरमध्ये चढाव. डिझेलचं आणि पेट्रोलचं दुखणं वेगळं असतं, हे मान्य. पेट्रोल इंजिनात अशा वेळी सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकतं, ठोके बसतात आणि पिस्टन जळू शकतो. पण कारण एकदा कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

‘डीसीएस’मधली स्पिटफायर जमिनीवर ताटकळत ठेवली तर तापते. नवखा चिडतो, ‘मी तर काहीच केलं नाही!’ बरोबर आहे, काहीच केलं नाही म्हणूनच तापली. रेडिएटर पंखांखाली असतात आणि उभ्या विमानात त्यांच्यातून पुरेशी हवा जात नाही. खऱ्या स्पिटफायरचं दुखणं हेच होतं. इथे खेळ मुलाला शिक्षा करत नाही, कारण दाखवतो.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांना कार्ब्युरेटर होता. नाक एकदम खाली दाबलं की इंधनाचा पुरवठा बिघडायचा आणि इंजिन आचके द्यायचं. जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट आत फवारलं जायचं, म्हणून तो सरळ सूर मारून निसटायचा. इंग्रज वैमानिकाला आधी विमान उलटं करून मग खाली वळावं लागे. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिॲट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी 1941 मध्ये इंधनाच्या वाटेत छिद्र असलेली एक छोटी चकती बसवून हे दुखणं पुष्कळ कमी केलं. ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ या सिम्युलेटरात हा फरक अंगावर येतो. पहिल्याच झटापटीत इंजिन घुसमटतं आणि मुलगा स्वतःच विचारतो, असं का? तो प्रश्न पडला की शिकणं सुरू झालं.

आता एक मोठा गैरसमज. जितके दांडे, जितकी बटणं, तितकं ‘रिॲलिस्टिक’, असं लोक धरून चालतात. फोकवुल्फ 190 घ्या. त्याच्या बीएमडब्ल्यू 801 इंजिनावर एक यंत्र होतं, कोमांडोगेरेट. वैमानिकाने एक दांडा हलवायचा, मिश्रण, पंख्याचा कोन, बूस्ट, सुपरचार्जरचा गिअर हे सगळं ते यंत्र बघायचं. त्याच आकाशात रशियाच्या ला-पाच विमानातल्या वैमानिकाला झडपा, मिश्रण, सुपरचार्जर हातानेच सांभाळावे लागत. म्हणजे एका विमानात खरेपणा हात भरून काम करण्यात, तर दुसऱ्यात हात मोकळा असण्यात. फोकवुल्फ उडवणाऱ्याला ‘सोपं खेळतोस’ म्हणून हिणवणारे इतिहासाचं अज्ञान दाखवतात. त्या मोकळ्या हाताचं आणि मोकळ्या नजरेचं लढाईत मोल होतं. कोण जास्त वेळ मागे वळून पाहू शकतो, हा इंजिनाचाच प्रश्न होता.

सिम्युलेटर कुठे कमी पडतो? अंगाला थरथर लागत नाही, तेलाचा वास नाही. विहिरीवरचा माणूस इंजिनाच्या आवाजावरून सांगतो की पाण्याचा पाईप हवा ओढतोय. सिम्युलेटरमधला मुलगा पडद्यावरच्या अक्षरांवर विसंबतो. शिवाय तिथलं इंजिन बहुतेक वेळा नवंकोरं असतं. काल कुणी ते रगडलं, तेल कधी बदललं, त्याला काही इतिहास नाही. खरं इंजिन हे मागच्या माणसाने कसं वापरलं त्यासकट तुमच्या हाती येतं. गावात ट्रॅक्टर उसना घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. म्हणून शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्या सूचनांच्या अक्षरांची सोय बंद करा, एकच विमान महिनाभर उडवा, आणि आकडा लाल झाल्यावर नव्हे, काटा सरकू लागल्यावर हात हलवायला शिका.

मघाशी मागून एकाने विचारलं, आपल्या मिग-21 चं काय? ओझरला ज्याचा कारखाना 1964 मध्ये उभा राहिला आणि सप्टेंबर 2025 मध्ये जे हवाई दलातून निवृत्त झालं, ते. ‘डीसीएस’मध्ये मिग-21 बिस आहे. जेट आहे, तेव्हा मिश्रण नाही, पंख्याचा कोन नाही. लोक म्हणतात, मग इंजिनात शिकायचं काय? उतरताना बघा. थ्रॉटल पूर्ण मागे घेतला की पुन्हा जोर यायला काही सेकंद लागतात. त्याहून महत्त्वाचं, त्याच्या फ्लॅप्सवर इंजिनातूनच काढलेली हवा फुंकली जाते, त्याने पंखाला जास्त उचल मिळते. मोटारीच्या सवयीने नवखा धावपट्टी जवळ आली म्हणून जोर तोडतो. फुंकर थांबते, उचल जाते, आणि विमान दगडासारखं खाली बसतं. म्हणून त्यात जमिनीला चाक लागेपर्यंत जोर धरून ठेवावा लागतो. पहिल्या दहा-बारा वेळा माझ्या चाकांचे दांडे मोडले, नंतर थ्रॉटलवरचा हात आपोआप थांबायला लागला.