सावकाराचा चेहरा आणि पैशाची चाल

एमिल झोला यांची 'लार्जां', म्हणजे 'पैसा', ही कादंबरी १८९१ची. मार्सेल लेर्बिए यांनी १९२८मध्ये तिच्यावर मूकपट केला. त्याआधी तीन वर्षे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला होता. हे दोन्ही चित्रपट मी शेजारी ठेवतो, कारण दोन्हींचा विषय एकच आहे.

लेर्बिए यांनी झोलाची गोष्ट दुसऱ्या साम्राज्याच्या काळातून उचलून थेट आपल्या काळात आणली. कादंबरीतला इंजिनिअर हामलँ पडद्यावर वैमानिक झाला. पॅरिसच्या खऱ्याखुऱ्या शेअर बाजारात चित्रीकरण झाले. कॅमेरा छतावरून गर्दीवर उतरतो. सट्टेबाज साक्कार शेवटी तुरुंगात जातो, पण तिथेही पहारेकऱ्यापुढे नवी योजना मांडतो. माणूस अडकतो, पैसा अडकत नाही.

'सावकारी पाश'मध्ये याच्या उलट घडते. तिथे पैसा सावकाराच्या बैठकीत बसून असतो आणि हलावे लागते ते शेतकऱ्याला. तरुण व्ही. शांताराम यांनी केलेला हा शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात गिरणीकामगार होतो. पेंटरांचे वास्तवदर्शन मोठेच. १९३६मध्ये त्यांनी हीच कथा पुन्हा बोलपटात मांडली. पण माझा आक्षेप असा, की सावकाराला चेहरा मिळाला की प्रेक्षकाचा राग त्या चेहऱ्यावरच खर्च होतो.

मी विष्णुपुरीत राहतो. आजोबांनी कोऱ्या कागदावर उठवलेल्या अंगठ्याची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. त्या सावकाराचे नाव सगळ्यांना पाठ आहे. पण आज लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव पडतो, तेव्हा शिव्या द्यायला समोर कोणी नसते. तो भाव जगाच्या बाजाराकडे पाहून हलतो. हा पैसा लेर्बिए यांनी ओळखला होता. मात्र त्यांच्या चित्रात ज्याच्या घामावर हा खेळ चालतो तो माणूस कडेला राहतो. तो पेंटरांकडे आहे.

म्हणून एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढावी, असे मला वाटते. १८७५मध्ये सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कर्जखतांवर हात टाकला, कागद जाळले. पाश माणसात नसून कागदात आहे, हे त्यांना दोन्ही चित्रपटांच्या पन्नास वर्षे आधीच कळले होते. आपल्या चित्रपटाला ते अजून पुरते दाखवायचे आहे.