संगीत आणि बीजांकुरण : एका प्रयोगाचे परीक्षण

संगीताच्या सान्निध्यात वनस्पती जोमाने वाढतात, ही समजूत आपल्याकडे केवळ कविकल्पना राहिलेली नाही. तिला प्रयोगशाळेचा आधार आहे, असे आवर्जून सांगितले जाते. अण्णामलै विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख टी. सी. एन. सिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात तेरडा व लाजाळू यांवर व्हायोलिनच्या स्वरांचा काय परिणाम होतो हे अभ्यासले, आणि तो परिणाम अनुकूल असल्याचे प्रतिपादन केले. उलट, १९६५ साली रिचर्ड क्लाइन व पामेला एड्सॉल यांनी झेंडूच्या रोपांना नाना प्रकारचे संगीत ऐकवून पाहिले, तेव्हा वाढीत उल्लेखनीय असा कोणताच फरक त्यांना दिसला नाही. परस्परविरोधी निष्कर्षांच्या या परंपरेत ज्याची मांडणी बरीच काटेकोर आहे असा एक प्रयोग अ‍ॅरिझोना विद्यापीठातील कॅथरिन क्रीथ व गॅरी श्वार्ट्झ यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. या विषयातील खरी अडचण कोठे आहे, हे दुबळ्या प्रयोगापेक्षा अशा काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगाच्या परीक्षणानेच अधिक स्पष्ट होईल.

प्रयोगाचे स्वरूप साधे आहे. भेंडीच्या व झुकिनी नावाच्या भोपळावर्गीय फळभाजीच्या बिया, ध्वनी व उष्णता यांपासून सुरक्षित अशा अंधाऱ्या, दमट कक्षांत रुजत घातल्या. एका गटाला संगीत ऐकविले. दुसऱ्याला प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असलेला कृत्रिम गोंगाट. तिसऱ्यावर दर बारा तासांनी १५ ते २० मिनिटे 'आरोग्यदायी शक्ती'चा प्रयोग, म्हणजे बिया लवकर रुजाव्यात असा संकल्प, करण्यात आला. चौथा गट तुलनेसाठी तसाच ठेवला. पंचवीस-पंचवीस बियांच्या गटांत किती बियांना कोंब फुटले, हे ७२ तासांपर्यंत दर बारा तासांनी मोजले. एकूण १४ फेऱ्या झाल्या व ४६०० बिया वापरल्या गेल्या.

या मांडणीतील दोन गोष्टी निःसंशय प्रशंसनीय होत. पहिली, तपमान व आर्द्रता दर पंधरा मिनिटांनी नोंदविली गेली. ध्वनिक्षेपक स्वतः तापतो आणि उष्णतेने बी लवकर रुजते, ही साधी गोष्ट अनेक हौशी प्रयोगकर्ते विसरतात. दुसरी, संगीताची तुलना केवळ शांततेशी न करता गोंगाटाशीही केली. तसे केल्याखेरीज परिणाम संगीताचा की निव्वळ कंपनांचा, हे सांगताच येत नाही.

निष्कर्ष असा की, संगीतामुळे बिया अधिक प्रमाणात रुजल्या. संगीताचा काहीच परिणाम नसता तर केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची संभाव्यता ०.००२ हूनही कमी येते. मात्र गोंगाटाशी तुलना करता हा आकडा ०.०३ पर्यंतच उतरतो, आणि तोही काळाच्या ओघातील फरकापुरता.

येथे पहिला प्रश्न उपस्थित होतो तो पुराव्याच्या एककाचा. उगवणीचे प्रमाण शेकडा ८० धरले, तर २५ बियांच्या गटात सरासरी २० बिया रुजतील. परंतु प्रमाण-विचलन २ असल्याने एका गटात १८ व दुसऱ्यात २२ रुजल्या तर त्यात नवल नाही. म्हणूनच बियांची संख्या वाढवावी लागते. पण संख्या वाढविली म्हणजे पुरावा त्याच प्रमाणात वाढतो, असे नव्हे. एका वावरात खत घातले, शेजारच्या वावरात घातले नाही, आणि दोन्हींतील हजार-हजार कणसे मोजली, तरी तुलना दोनच वावरांची होते. जमिनीचा मूळचा कस वेगळा असेल तर तो हजार कणसांत हजार वेळा प्रकट होईल. स्ट्युअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या दोषाची सविस्तर चिकित्सा केली. त्याला आभासी पुनरावृत्ती म्हणता येईल. संगीत हे एकेका बीला ऐकविले जात नाही, सबंध कक्षाला ऐकविले जाते. तेव्हा ४६०० या आकड्याने दबून न जाता १४ या आकड्याकडे पाहणे युक्त ठरेल. शिवाय छत्तिसाव्या तासाला रुजलेले बी अठ्ठेचाळिसाव्या तासाच्या मोजणीतही येतेच. त्यामुळे काळानुसार काढलेल्या अतिसूक्ष्म संभाव्यताही सावधपणे वाचावयास हव्यात.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. ज्या गटावर केवळ संकल्पाचा प्रयोग झाला, त्या गटातही अनुकूल परिणाम आढळला, आणि त्याचे मान संगीताच्या परिणामाइतकेच होते. लेखकांना हे दुहेरी यश वाटते. वस्तुतः ते धोक्याचे चिन्ह मानावयास हवे. ध्वनिलहरी व मनातील संकल्प यांत कोणतीही ज्ञात कार्यकारणपरंपरा समान नाही. दोन भिन्न कारणांनी समान फळ दिले, तर त्या दोहोंत जे समान आहे त्याचा शोध प्रथम घेतला पाहिजे. आणि समान आहे ती प्रयोगकर्त्यांची अपेक्षा व त्यांची देखरेख. मोजणारी व्यक्ती बदलली तरी फरक टिकला, असे ते नमूद करतात. परंतु मूलांकुर कवचाबाहेर डोकावला की नाही, हा निर्णय सीमारेषेवर नेहमीच मोजणाऱ्याच्या मनावर अवलंबून असतो. दोघांनाही कोणती बशी कोणत्या गटाची हे ठाऊक असेल, तर दोघांचा कल एकाच बाजूला झुकणे शक्य आहे.

तिसरी मर्यादा कालाची. बहात्तर तासांत उगवणीचा वेग दिसतो. वाढ दिसत नाही, उत्पन्न तर नाहीच. या व अशा प्रयोगांचा हवाला देऊन शेतात ध्वनिक्षेपक लावण्याचा सल्ला शेतकऱ्याला दिला जातो, तेव्हा बशीतल्या कोंबापासून खळ्यातल्या राशीपर्यंतचे सारे अंतर एका उडीत ओलांडले जाते. त्या उडीची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

याचा अर्थ प्रश्नच निरर्थक आहे, असा नव्हे. सुरवंट पान कुरतडत असताना उठणारी कंपने ऐकविल्यावर अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीत संरक्षक रसायनांचे प्रमाण पुढे वाढते, हे हायडी अ‍ॅपल व रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी २०१४ साली दाखविले. मधमाशीच्या पंखांच्या आवाजाने ईनोथेराच्या फुलातील मधुरसात साखरेचे प्रमाण तीन मिनिटांत वाढते, असे इस्रायलमधील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केले. या प्रयोगांचे बळ असे की, त्यांतील ध्वनीला वनस्पतीच्या जीवनात काही प्रयोजन आहे. रागाला तसे प्रयोजन आहे, हे सिद्ध करण्याचा भार तसा दावा करणाऱ्यावर राहतो.

तो भार उचलण्यास फार खर्च लागत नाही. अनेक स्वतंत्र कक्ष, त्यांना चिठ्ठ्या टाकून ठरविलेले उपचार, सर्व कक्षांत सारखेच ध्वनिक्षेपक (मूक असले तरी चालू), गट न कळविता केलेली मोजणी, आणि निष्कर्ष कोणताही निघो, तो छापण्याचा आधीच केलेला निश्चय, एवढे पुरे. यांतील शेवटची अट सर्वांत अवघड आहे. संगीताने झाडे वाढली, ही वार्ता सर्वत्र पोहोचते. वाढली नाहीत, ही वार्ता टिपणवहीतच राहते. विद्यापीठीय संशोधनाने या विषयाची खरी सेवा करावयाची असेल, तर ती या दुसऱ्या वार्तेलाही तितकेच मानाचे स्थान देऊनच होईल.