मीठ धुणारे घर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी लिहिताना आपल्या समीक्षेत काही विशेषणे पिढ्यानपिढ्या एकमेकींचा हात धरून येतात : सहज, निर्व्याज, भाबडे, घरगुती. हेतू कौतुकाचाच असतो. पण ‘सहज’ म्हणताना आपण बाईंच्या पदरातून त्यांची मेहनत काढून घेतो. त्यांनी रुची कमावली होती, आणि ती घरातल्या रोजच्या जगण्यातून कमावली होती, असे माझे म्हणणे आहे.

शाळा त्यांना मिळाली नाही. जन्म 1868 चा, लग्न 1880 चे, अक्षरओळख त्यानंतरची. मग निवड करायला त्या शिकल्या कुठे? सुरुवातीचेच प्रकरण पाहावे. 1857 च्या बंडानंतर आईच्या वडिलांना फाशी झाली आणि पुढे वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, अगदी मीठसुद्धा! धुतलेल्या मिठाचे काय होते हे कुणाला सांगायला नको. लक्ष्मीबाई फाशीवर रडत नाहीत, सोवळ्यावर व्याख्यान देत नाहीत. त्या मीठ तेवढे ठेवतात. घरावर कोसळलेली भीती आणि घरातल्या बाईचे रोजचे हाल, दोन्ही त्या एका विरघळणाऱ्या पदार्थात मावतात. ज्याला हे ‘आपोआप सुचले’ वाटते त्याने स्वतःच्या बालपणाचे एक पान लिहून पाहावे.

टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. बराच काळ वेगळे राहून लक्ष्मीबाई नगरला आल्या, तरी सुरुवातीला त्यांची चूल आणि पाणी निराळे होते. ‘रुची’ हा शब्द जिभेचाही आहे आणि वाङ्मयाचाही; बाईंच्या बाबतीत दोन्ही एकत्रच बदलत गेल्या. परक्या हातचे पाणी घशाखाली उतरले तेव्हा परक्याचे दुःखही कानापर्यंत पोचले. त्या घरात कविता होत होत्या, बालकवी ठोंबरे मुलासारखे वावरत होते, आणि पाहुण्यांना सीमा नव्हती. बाई ऐकत होत्या, वाढत होत्या (दोन्ही अर्थांनी).

‘सहज’वाद्यांना माझा एक प्रश्न आहे. टिळकांनी अपुरे ठेवलेल्या ‘ख्रिस्तायना’चा बहुतेक भाग बाईंनीच लिहिला. लेखणी तीच, निष्ठा तीच. मग 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’चा जिवंतपणा त्या ओव्यांत मला का सापडत नाही? माझे उत्तर असे : तिथे विषय ग्रंथातून आला होता, भक्तीचा होता, हात लावून, चाखून पारखलेला नव्हता. इतरांनी वेगळे उत्तर द्यावे, मी ऐकेन.

ही पारख घडते कशी, हे मात्र मला पुस्तकाने शिकवले नाही, पाथर्डीने शिकवले. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली कितीतरी घरे कुलपे लावून ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, उचल आधीच खर्चलेली. गल्लीतल्या एक आजी उभे आयुष्य कोयत्यावर गेलेल्या. त्यांची एकच हकिकत मी गेली वीसेक वर्षे ऐकतो आहे. आधी तीत मुकादम होता, उचलीचा हिशेब होता, कोणत्या कारखान्यावर किती दिवस राहिलो याची यादी होती. वर्षावर्षाला एकेक गोष्ट गळत गेली. कंटाळून नव्हे. ऐकणारे कुठे हलतात, कुठे उठून जातात, हे त्या पाहत होत्या.

परवा त्यांनी ती पुन्हा सांगितली. आता तीत फक्त रात्री गाडी भरून झाल्यानंतरची भाकरी उरली आहे. हात उसाच्या रसाने चिकट, धुवायला पाणी नाही, म्हणून भाकरी गोड लागायची. ‘‘गोडाचा लई वीट यायचा,’’ आजी म्हणाल्या, ‘‘मंग शेजारच्या कोपीत मीठ मागायला जायचो.’’