इंग्रजी जोडक्रियापदे आणि आपली ग्रंथनिष्ठा

आपल्या सुशिक्षित वर्गाच्या इंग्रजीत एक वैगुण्य नेहमी आढळून येते. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' ही भारदस्त क्रियापदे आपला पदवीधर बिनदिक्कत योजतो; परंतु त्याच अर्थाची 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू' ही साधी रूपे कानी पडली की तो क्षणभर थबकतो. इंग्रज मूल मात्र ही दुसऱ्या जातीची क्रियापदे आईच्या मांडीवरच शिकते. पहिल्या जातीची त्याला शाळेत भेटतात. म्हणजे जे इंग्रजांच्या घरचे, ते आपणांस अवघड, आणि जे त्यांच्या कचेरीतले, ते सोपे. हा दोष बुद्धीचा नसून शिक्षणाच्या रीतीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या क्रियापदांना इंग्रजीत 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. आम्ही येथे त्यांना जोडक्रियापदे म्हणू. हे इंग्रजी नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 च्या आपल्या ग्रंथात रूढ केले आणि ते सुचविण्याचे श्रेय कोशकार हेन्री ब्रॅडली यांस दिले. नाव अलीकडचे असले तरी वस्तू जुनी आहे. डॉ. जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांना इंग्रजीत सर्वांत मोठी अडचण याच रचनेची पडते, अशा आशयाचा इशारा देऊन ठेवला आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार व न्यायालय यांत फ्रेंच आणि लॅटिन वळणाचे शब्द शिरले. स्वयंपाकघरात, शेतात व बाजारात मूळची छोटी क्रियापदेच राहिली. आपण इंग्रजी शिकलो ते दरबाराच्या दाराने. मग स्वयंपाकघर अनोळखी राहिले, यात नवल ते काय?

वस्तुतः या रचनेचे आपणांस भय वाटण्याचे कारण नाही. संस्कृतात हृ हा एकच धातू उपसर्गागणिक आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे भिन्न अर्थ धारण करतो, हे आपल्याकडे पाठशाळेतल्या बटूलाही ठाऊक असते. इंग्रजीतील 'ब्रेक' हे क्रियापद तसेच आहे. चोर घरात 'ब्रेक इन' करतात, गाडी वाटेत 'ब्रेक डाउन' होते, बोलणी 'ब्रेक ऑफ' होतात, साथ 'ब्रेक आउट' होते आणि सभा आटोपली की 'ब्रेक अप' होते. भेद एवढाच की, लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी चिकटून येतो, इंग्रजीत सोबती मागून येतो आणि सुटाही राहतो. परंतु हाही प्रकार आपल्या परंपरेला नवीन नाही. वेदवाणीत उपसर्ग धातूच्या नंतरही येतो आणि त्यांच्यामध्ये इतर शब्दही पडू शकतात, हे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात नोंदविले आहे. ज्यांच्या कानांवर नित्य वेदघोष पडतो, त्यांना 'पुट द मीटिंग ऑफ' या वाक्यातील दुरावा विचित्र वाटू नये.

आपल्या बोलीतही याचा जवळचा नातलग आहे. 'खा' आणि 'खाऊन टाक', 'लिही' आणि 'लिहून ठेव' यांतील फरक मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. कोंकणीतही 'बरय' आणि 'बरोवन दवर' यांत तोच भेद आहे. 'ईट' आणि 'ईट अप', 'राइट' आणि 'राइट डाउन' यांतील फरक बराचसा याच जातीचा आहे. 'अप' म्हणजे वर, हे खरे. पण 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' या ठिकाणी वर जाण्याचा संबंध नसून क्रिया पुरी झाल्याचा भाव आहे. आपले 'टाकणे' तरी तेथे कोठे काही फेकते?

असे असता बाजारातील मार्गदर्शिका काय करतात? वर्णानुक्रमाने दोन-तीनशे जोडक्रियापदांची यादी छापतात, प्रत्येकापुढे एक मराठी अर्थ ठेवतात आणि विद्यार्थ्याला ती घोकावयास लावतात. या पद्धतीवर आमचा मुख्य आक्षेप आहे. यादीत शब्द असतो, वाक्य नसते. आणि जोडक्रियापदाचा प्राण तर वाक्यात असतो. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही शुद्ध. परंतु सर्वनाम आले की 'पुट इट ऑफ' एवढेच चालते. उलट 'लुक आफ्टर'ला 'लुक आफ्टर हिम' हेच रूप हवे. कारण उघड आहे: पहिल्यातील 'ऑफ' हे क्रियाविशेषण असून ते क्रियापदाचे अंग बनले आहे, दुसऱ्यातील 'आफ्टर' आपल्या शब्दयोगी अव्ययाप्रमाणे नामाशी बांधलेले आहे. यादी घोकणाऱ्यास हे कोण सांगणार?

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. या छोट्या शब्दांवर हक्क अवलंबून असतात. महाजनांची सभा 'पुट ऑफ' झाली म्हणजे पुढे ढकलली; 'कॉल ऑफ' झाली म्हणजे रद्दच झाली. जमीन एखाद्यास 'मेड ओव्हर' केली म्हणजे हस्तांतरित केली. त्याने ती 'लुक्ड आफ्टर' केली म्हणजे नुसती सांभाळली, आणि सांभाळणारा तेवढ्याने मालक होत नाही. उत्सवासाठी रक्कम 'सेट असाइड' केली म्हणजे राखून ठेवली. पण दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 9, नियम 13 अन्वये एकतर्फी हुकूमनामा 'सेट असाइड' होतो तेव्हा तो रद्द होतो. शब्द तेच, फळ उलटे! त्याच संहितेच्या आदेश 8, नियम 6 मध्ये 'सेट ऑफ' म्हणजे येणे-देण्याची वजावट. घरगुती बोलण्यात प्रवासाला निघणे. कागदावर सही करण्यापूर्वी असा शब्द कोणत्या वाक्यात बसला आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. 1961 पर्यंत तेथील न्यायालयांचा व्यवहार पोर्तुगीजमधून चाले, आणि ती लॅटिनची कन्या. 'पुढे ढकलणे' यासाठी तिच्यात 'आदियार' असा एकच गोळीबंद शब्द आहे. त्या शिक्षणात वाढलेल्यांना 'पोस्टपोन' आपलेसे वाटावे आणि 'पुट ऑफ' परके, हे स्वाभाविकच होते.

आपण भारतीयांनी या क्षेत्रात स्वतःची भरही घातली आहे. महाविद्यालयीन शिक्षण पुरे करणे यास आपण 'पास आउट' म्हणतो. लष्करी प्रशिक्षण संपविणाऱ्या तुकडीपुरता तो अर्थ इंग्लंडातही आहे, पण इतरत्र तेथील श्रोता 'बेशुद्ध पडला' असे समजेल. 'ब्रिंग फॉरवर्ड' हाताशी असता आपण 'प्रीपोन' घडविले, आणि आता तो शब्द इंग्रजी कोशांतही गेला. ही रूपे टाकून द्यावीत असे आम्ही म्हणत नाही. श्रोता कोण आहे हे जाणून ती वापरावीत, एवढेच म्हणणे.

अर्जात व दस्तऐवजात लॅटिन वळणाचा एकार्थी शब्द अधिक सुरक्षित, हे आम्हांस मान्य आहे. पण स्नेह्याला लिहिलेले पत्र नोटिशीच्या भाषेत असू नये. तेव्हा पालकांनी मुलांच्या हाती याद्या न देता साध्या गोष्टींची इंग्रजी पुस्तके द्यावीत, आणि भेटलेले प्रत्येक जोडक्रियापद त्याच्या संपूर्ण वाक्यासह वहीत उतरवून घ्यावयास सांगावे. शेजारी त्याचा मराठी वा कोंकणी जोड लिहिला, तर इंग्रजीबरोबर मातृभाषेचीही ओळख अधिक सखोल होईल.