विद्यापीठीय पत्रकारिता शिक्षणाचा इतिहास : नागपूरच्या संदर्भात

पत्रकारितेच्या विद्यापीठीय शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा स्थापनावर्षांच्या यादीतच संपतो. लाहोरचे पंजाब विद्यापीठ, १९४१, नागपूर, १९५२. यादीपलीकडे नागपूरचे उदाहरण अधिक बोलके आहे. सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्सली फुलब्राइट प्राध्यापक म्हणून तेथील हिस्लॉप महाविद्यालयात आले व अध्यापनास अमेरिकन वळण लागले. त्यांनी संपादिलेला ‘जर्नालिझम इन मॉडर्न इंडिया’ हा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. इंग्रजीचाही दोष नाही. १८३२ चे ‘दर्पण’ स्वतः द्विभाषिक होते. मात्र ‘लीड’, ‘इंट्रो’, ‘फीचर’ या संज्ञा मराठी वर्गांतही रुळल्या, आणि मराठी वृत्तपत्रांनी घडविलेले अग्रलेख व स्फुट हे प्रकार, प्रस्तुत लेखकाच्या मते, इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेतच राहिले. लेखनाच्या तासाला ते फारसे आले नाहीत.