हिशेब पैशाचा, विसर मातीचा

रेडिओ शिकवताना आपण हर्ट्‌झ आणि मार्कोनी यांची नावे सांगतो, फळ्यावर लहरीची आकृती काढतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. केंद्राचा खर्च कोणी भागवला, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. एरिक बार्नाऊ यांनी तो 'अ टॉवर इन बेबेल' (१९६६) या ग्रंथात नीट हाताळला आहे. अमेरिकी नभोवाणीच्या इतिहासाचा हा पहिला खंड; तो १९३३ पर्यंत येतो.

त्यातला फ्रँक कॉनरॅडचा भाग वर्गात वाचून दाखवावा असा आहे. वेस्टिंगहाऊस कंपनीतला हा इंजिनिअर पिट्सबर्गजवळ विल्किन्सबर्ग येथे आपल्या गॅरेजमधून ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकवी. जवळच्या तबकड्या संपल्या तेव्हा गावातल्या एका दुकानाने आपल्या देऊ केल्या. अट एवढीच, की दुकानाचे नाव सांगायचे. आणि ज्या तबकड्या वाजत त्यांचाच खप वाढला! सप्टेंबर १९२० मध्ये पिट्सबर्गच्या एका मोठ्या दुकानाने हे कार्यक्रम ऐकण्यासाठी दहा डॉलरपासूनचे तयार संच विकायला काढले. ती जाहिरात पाहून कंपनीच्या लक्षात आले, की कार्यक्रम फुकट ऐकवला तरी संच विकता येतात. २ नोव्हेंबरला केडीकेए केंद्रावरून अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकवले गेले. पुढे २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावर एका गृहबांधणी कंपनीने ५० डॉलर भरून दहा मिनिटे विकत घेतली. वक्त्याने आरंभी कादंबरीकार हॉथॉर्न यांचे स्मरण केले, कारण सदनिकांना त्यांचे नाव होते. विक्रीवर साहित्याची शाल!

येथवर लेखकाशी आमचे भांडण नाही. मात्र पैसा कसा फिरला हे ते सांगतात, तितक्या आस्थेने लहर कशी फिरली हे सांगत नाहीत. त्यांचा ओढा न्यूयॉर्ककडे आहे. आयोवा राज्यातले शेनान्डोआ हे छोटे गाव पाहा. तेथे हेन्री फील्ड या बियाणेविक्रेत्याने १९२४ च्या फेब्रुवारीत केएफएनएफ केंद्र काढले. अर्ल मे या दुसऱ्या विक्रेत्याने १९२५ मध्ये केएमए. साधी गाणी, शेतीचा सल्ला, मालकाचा स्वतःचा आवाज आणि टपालाने येणाऱ्या मागण्या. हे तेथेच का साधले? मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात, आणि त्या सपाट मुलखातली ओलसर काळी माती विजेची चांगली वाहक असल्याने त्या कमी क्षीण होतात. जी माती मका पिकवी, तीच बियाण्याची जाहिरातही पोचवी. रात्री खालचा शोषक थर विरतो आणि आयनांबरातल्या वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात. हिवाळ्यात रात्र मोठी, उन्हाळी वादळांतल्या विजांची खरखर कमी, शेतकरी घरी, आणि बियाणे मागवण्याचा हंगामही तोच.

आपल्या पाठ्यपुस्तकात लहर आहे, पैसा नाही. या ग्रंथात पैसा आहे, लहर अंधुक. विद्यार्थ्याला अर्धाच रेडिओ मिळतो, मग कोणतेही एक पुस्तक घ्या. तरीही ग्रंथ अवश्य वाचावा. वाचताना शेजारी अमेरिकेचा प्राकृतिक नकाशा उघडा ठेवावा.