दही, लॅक्टिक आम्ल आणि अ‍ॅलर्जी : दावा आणि पुरावा

आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी सुरू झाली, की उडणाऱ्या धुळीने वर्गातल्या काही मुलांचे नाक-घसे चुरचुरू लागतात. दम्याच्या मुलांचा त्रास वाढतो. मग पालक सांगतात, "गुरुजी, याचे दही बंद केले आहे." याच्या अगदी उलट, दह्यातील लॅक्टिक आम्लाने अ‍ॅलर्जी बरी होते, असे ठामपणे सांगणारे मजकूरही आपण वाचतो. त्यांत 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' हे शब्द हमखास असतात. ते संशोधन नेमके काय आहे, हे तपासून पाहू.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. लॅक्टिक आम्ल हे एक रसायन आहे. शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून वेगळे केले. ते तयार करणारे लॅक्टोबॅसिलससारखे जीवाणू ही दुसरी गोष्ट, आणि दही हे खाद्य तिसरी. एकाविषयी मिळालेला निष्कर्ष दुसऱ्याला लावणे हीच या मजकुरांतील मूळ चूक आहे.

ज्या प्रयोगामुळे ही चर्चा जगभर पसरली, तो फिनलंडमधील तुर्कू येथे झाला व २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. घराण्यात अ‍ॅलर्जी असलेल्या १५९ गर्भवती स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला लॅक्टोबॅसिलस जीजी या जीवाणूच्या कॅप्सूल दिल्या, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण जीवाणू नसलेल्या. जन्मानंतर सहा महिने हेच चालू ठेवले. दोन वर्षांनी १३२ मुले तपासली. जीवाणू मिळालेल्या ६४ मुलांपैकी १५ जणांना (२३ टक्के) इसब होते, दुसऱ्या गटातील ६८ पैकी ३१ जणांना (४६ टक्के).

प्रयोगाची आखणी चांगली होती आणि फरकही मोठा होता. पण त्याच निबंधातील एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. अ‍ॅलर्जीची खूण मानल्या जाणाऱ्या आयजीई प्रतिपिंडाचे प्रमाण आणि त्वचेवर टोचून केलेल्या चाचण्या दोन्ही गटांत सारख्याच होत्या. म्हणजे इसब कमी दिसले, अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती कमी झाल्याचे दिसले नाही.

विज्ञानात एका प्रयोगावर भागत नाही, तो पुन्हा करून पाहावा लागतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे तोच जीवाणू वापरून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. त्यात इसबाचे प्रमाण जीवाणूंच्या गटात २८ टक्के, तर दुसऱ्या गटात २७.३ टक्के होते. फरक जवळजवळ शून्य! उलट वारंवार छाती घरघरण्याचा त्रास पहिल्या गटात ५० पैकी १३, तर दुसऱ्यात ४४ पैकी ४ मुलांना झाला. आकडे लहान असल्याने जीवाणू घातक आहेत असे यावरून म्हणता येणार नाही. पण 'सिद्ध झाले' हे शब्द मात्र मागे घ्यावे लागतात. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ मध्ये, अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या कुटुंबांसाठी, केवळ इसब टाळण्यापुरते अशा जीवाणूंचे समर्थन केले, पण पुरावा फारच कमी दर्जाचा असल्याचेही नमूद केले. आधीच इसब झालेल्यांना त्यांचा फारसा उपयोग होत नाही, असा कॉक्रेन आढाव्याचा २०१८ मधील निष्कर्ष आहे.

मग प्रत्यक्ष लॅक्टिक आम्लाचे काय? अ‍ॅलर्जीत हिस्टामीन सोडणाऱ्या मास्ट पेशींचा दाह या आम्लाने काही परिस्थितीत कमी होतो, असे अमेरिकेतील संशोधकांना २०१६ मध्ये दिसले. शोध महत्त्वाचा आहे, परंतु तो मुख्यतः प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा आहे. दह्यातील आम्ल तसेच्या तसे नाकातल्या किंवा फुप्फुसातल्या पेशींपर्यंत पोचत नाही. आपल्या शरीरात स्नायू व रक्तपेशी हे आम्ल सतत बनवत असतात आणि यकृत त्याची पुन्हा साखर करते. वाटीभर दह्याने त्यात मोठी भर पडत नाही.

शिक्षकांनी आणखी एक घोटाळा टाळावा. दूध पिऊन पोट फुगते ते बहुधा दुग्धशर्करा न पचल्यामुळे. ही अ‍ॅलर्जी नव्हे. विरजणातील जीवाणू या शर्करेचा काही भाग वापरून लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून अशांना दही सोसते. दुधाची खरी अ‍ॅलर्जी मात्र दुधातील प्रथिनांची असते. ती प्रथिने दह्यातही राहतात, म्हणून अशा मुलाला 'दही चालेल' असे सांगणे धोक्याचे आहे.

वर्गात विरजण लावून निळा लिटमस जरूर तांबडा करून दाखवा. दूध आंबल्यावर आम्ल तयार होते, एवढेच त्यावरून कळते, दम्याविषयी काहीही कळत नाही, हेही मुलांकडूनच काढून घ्या. दूध-दह्याची अ‍ॅलर्जी नसलेल्या मुलाच्या ताटातले दही केवळ समजुतीपायी काढू नये. आणि दह्याच्या भरवशावर दम्याचे औषध थांबवले जात असेल, तर पालकांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.